लोपीसबाईंचा बिननावाचा पारवा

लोपीसबाईंनी आमच्या दाराची बेल कधी दाबली नाही. बेल होती, चालू होती, पण तिचा आवाज बाईंना मान्य नव्हता. त्या लाल पेनाच्या मागच्या टोकाने दारावर दोनदा टकटक करायच्या आणि थांबायच्या. तिसऱ्यांदा नाही. "दोनदा सांगून ज्याला कळत नाही, त्याला तिसऱ्यांदा सांगून काय होणार?" असं त्यांचं म्हणणं. उभा जन्म मराठी शाळेत गणित शिकवण्यात गेलेला. फळ्यावर खडू दोनदा ठोकला की वर्ग चिडीचूप व्हायचा म्हणे. निवृत्त झाल्यावर फळा गेला, खडू गेला, ठोकणं तेवढं राहिलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलायला लागले की बाई टेबलावर पेन दोनदा ठोकायच्या, आणि आमचे सेक्रेटरी सावंत, चांगले पन्नाशीचे गृहस्थ, हाताची घडी घालून बसायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. वसई तालुक्यातल्या बोळिंजला तेव्हा इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. आमच्या इमारतीच्या एका अंगाला भाताची खाचरं शिल्लक होती, दुसऱ्या अंगाला केळीची वाडी, आणि टँकर आला की सगळ्या मजल्यांवरून बादल्या खाली उतरायच्या. आम्ही सगळे बाहेरून आलेलो, कोणी कोकणातून, कोणी गिरगावातून. एकट्या बाईच इथल्या, वसईकडच्या एका ख्रिस्ती गावातल्या. भावाचं भरलेलं घर आणि वाडी सोडून त्या तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारी एकट्या का राहायला आल्या, हे मी कधी विचारलं नाही. एकदा आपण होऊन म्हणाल्या होत्या, "तिथे मी सगळ्यांची आत्या. इथे मी लोपीस."

बाईंची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिच्याशीच काम आहे. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस आले की त्या दर वर्षी एक गोष्ट सोडायच्या, आणि सोडायची ती त्या वर्षी सगळ्यांत आवडती असलेलीच. "नावडती गोष्ट सोडण्यात काय मोठेपणा? मी कारलं सोडलं म्हणून देव फसेल का?" एका वर्षी त्यांनी चहा सोडला. ते दिवस आम्ही सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढले. सावंतांनी लावलेल्या नोटिशीला बाईंनी लाल पेनाने दहापैकी तीन मार्क दिले आणि खाली लिहिलं, "पुन्हा लिहा." सावंतांनी पुन्हा लिहिली. ईस्टरच्या सकाळी बाई देवळातून आल्या (चर्चला त्या देऊळच म्हणत), तेव्हा मी दोन चमचे साखर घातलेला चहा घेऊन दारात उभी होते. त्यांनी तो बशीत ओतून, डोळे मिटून प्यायला. तेव्हापासून ईस्टरचा चहा माझ्याकडे लागला, सोडलेली गोष्ट कुठलीही असो.

अशा या बाईंचं आणि पारव्यांचं हाडवैर. आम्ही सगळे कबूतर म्हणायचो, बाई पारवा म्हणायच्या. कबुतरं पाळलेली, पारवे रानचे, असा त्यांचा हिशेब. इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये, जिथे सगळ्यांच्या न्हाणीघराच्या खिडक्या उघडतात, तिथे पाइपांच्या मागे पारव्यांनी वस्तीच केली होती. वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण, खिडकीत काड्या, पहाटेपासून घुमणं. बाईंचा राग घाणीपेक्षा काड्यांवर जास्त. "चार काड्या आडव्या टाकतात आणि त्याला घर म्हणतात," असं त्या म्हणायच्या. शेवटी मीटिंगमध्ये डक्टला जाळं लावायचं ठरलं. बाईंनी पेन दोनदा ठोकलं आणि म्हणाल्या, "विकत कशाला? पाचूबंदरच्या कोळीवाड्यात माझ्या विद्यार्थिनीची आई आहे. त्यांच्याकडे जुनी जाळी पडून असतात."

मासेमारीचं जाळं इमारतीला बांधण्याची युक्ती वसईबाहेर कोणाला सुचली असती असं वाटत नाही. बाईंबरोबर मीही पाचूबंदरला गेले. विद्यार्थिनीच्या आईने, मावशींनी, घरामागून जाळ्याचा हा एवढा ढीग काढून दिला. बाईंनी नाकाला रुमाल न लावता, पण जरा लांबूनच विचारलं, "मावशी, धुतलेलं आहे ना?"

"धुतलंय तं," मावशी म्हणाल्या. "रोज धुतलंय. समुद्राच्या पान्यात."

बाईंनी ते घरी आणून साबणाच्या पाण्यात दोन दिवस भिजवलं. सावंतांनी माणसं लावून ते डक्टच्या तोंडावर वरपासून खालपर्यंत ताणून बांधलं. पारवे गोंधळले, काही उडून गेले, आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. मग ऊन तापलं आणि त्या जाळ्यात वर्षानुवर्षं मुरलेला बोंबलाचा वास जागा झाला. आधी एक मांजर आलं, मग पाच. आठवड्यात बोळिंजमधली झाडून सगळी मांजरं आमच्या डक्टमध्ये होती. वास कुठून येतो हे शोधत ती जाळ्यावरून शिडीसारखी वर चढली. मासे त्यांना मिळाले नाहीत. पाइपांच्या मागची घरटी मिळाली.

जाळं उतरवलं तेव्हा सगळं उरकलं होतं. डक्टच्या तळाशी पिसांचा खच पडला होता. आमच्या मजल्यावरच्या पाइपाच्या बेचक्यात, मांजराचा पंजा पोचला नसेल अशा फटीत, एक पिल्लू तेवढं हलत होतं. त्याच्या आईबापांपैकी कोणी परतलं नाही. खाली सगळे जमले होते. बाईंनी वर पाहत विचारलं, "जाळं आणायचं कोणी सुचवलं?"

सावंतांनी हळूच सांगितलं, "बाई, तुम्हीच."

"मग," असं म्हणून बाई वर गेल्या आणि न्हाणीघराच्या खिडकीतून हात घालून पिल्लू काढून आणलं.

पारव्याचं पिल्लू कोणी जवळून पाहिलं नसेल तर सांगते, त्याच्याइतकं कुरूप दुसरं काही नाही. अंगावर पिवळे विरळ केस, मधून मधून सुईसारखी फुटलेली पिसं, आणि तोंडाच्या मानाने चोच एवढी मोठी, की उसनी आणल्यासारखी. बाईंनी माळ्यावरून नाताळच्या गोठ्याचं खोकं काढलं. आतले मेंढपाळ आणि मेंढ्या उचलून कपाटात ठेवल्या, खाली त्याच गोठ्यातलं गवत पसरलं, आणि कागदी चांदणीतला बल्ब काढून खोक्यावर टांगला. लाईट गेली की खोकं मांडीवर, वर शाल. आपल्याकडे आजारी माणूस असो, तान्हं मूल असो की रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू, सगळ्यांना एकच उपाय, दुधात बुडवलेला पाव. तोच बाईंनी केला. चोच उघडून बोटाने भरवला.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली ती नेहमीपेक्षा घाईची होती. पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी टम्म फुगली होती आणि तोंडाला आंबूस वास येत होता. खाल्लेलं पुढे सरकतच नव्हतं. मान टाकून ते गवतावर पडलं होतं. बाईंनी दिवसभर त्याला तळहातावर धरून ठेवलं. कोमट पाण्याचे थेंब चोचीच्या कडेला लावायच्या आणि एका बोटाने ती पिशवी हलके हलके चोळायच्या. मी जेवायला बोलवायला गेले तर मानेनेच नको म्हणाल्या. चारेक वाजता पिल्लाने घाण केली, थेट बाईंच्या पातळावर. मी इतक्या वर्षांत बाईंना एवढं खूश पाहिलं नव्हतं. डाग पुसतसुद्धा नव्हत्या.

मग म्हणाल्या, "माझ्या दोन चुका झाल्या, नीला. आधी जाळं, मग पाव. तिसरी होणार नाही."

आणि त्यांनी अभ्यास सुरू केला. समोरच्या इमारतीच्या छज्ज्यावर पारव्यांचं एक जोडपं पिल्लांना भरवत असे. ज्यांना हाकलण्यात वर्षं घालवली, त्यांच्याकडे बाई आता स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची टाकून बघत बसल्या. पोळी करपली तरी लक्ष नाही. त्यांना दिसलं ते असं, की पारव्याची आई पिल्लाच्या तोंडात घास घालत नाही. पिल्लूच आपली चोच आईच्या घशात खुपसतं आणि आतून ओढून घेतं. "म्हणजे आपण उलटं करत होतो," बाई म्हणाल्या. त्यांनी इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजचं तोंड कापलं, त्यावर फुग्याचं रबर ताणून बांधलं आणि रबराला ब्लेडने बारीक चीर पाडली. आत मुगाची कोमट पातळ पेज भरली. पिल्लाने वास घेतला, चोचीने चाचपलं, आणि एकदम चिरेतून चोच आत घालून असं काही ओढायला लागलं की बाईंना सिरिंज दोन्ही हातांनी धरावी लागली. मी तिथे उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बाई मला म्हणाल्या, "रडू नकोस, पेज ढवळ."

त्यानंतर आमच्या मजल्यावरून माणसांची रीघ लागली. जो येईल तो नाव सुचवायचा. सावंतांनी तर तीन नावं कागदावर लिहून आणली होती. बाईंनी कागद घेतला, दोनदा पेन ठोकलं आणि समजावून सांगितलं, "नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते. हाक मारली की ते येतं. यायची सवय झाली की कोणाकडेही जातं. कोणाकडेही गेलं की मांजर खातं. म्हणून नाव नाही." सावंत कागद घडी करून खिशात घालून गेले. पिल्लाला शेवटपर्यंत नाव मिळालं नाही.

पण भिंतीला कान लावायची गरज नव्हती इतकं सगळं मला ऐकू यायचं. नाव नसलं तरी बाई त्याच्याशी बोलायच्या, आणि पुस्तकी मराठीत नाही, त्यांच्या गावच्या, घरच्या बोलीत. आमच्याशी बोलताना त्यांचं एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. शाळेत मुलांच्या तोंडून ती बोली त्यांनी जन्मभर पुसून काढलेली. आणि इथे त्या पिल्लाशी तासन्‌तास त्याच बोलीत चाललेलं असायचं. मला त्यातलं निम्मंच कळायचं. रागावणं कळायचं आणि लाड कळायचे.

पिसं भरली, मानेवर हिरवी-जांभळी झाक आली, पंख फडफडायला लागले. आता स्वतः टिपून खायला शिकवायचं होतं. बाईंनी ताटलीत भिजवलेले मूग पसरले आणि दाण्याशेजारी लाल पेनाने दोनदा ठोकलं. टक टक. पारव्याने पेनाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या बोटांच्या बेचक्यात चोच खुपसून चिरकायला लागला. पुन्हा टक टक. असं कितीतरी दिवस चाललं. मग एके दिवशी त्याने मान खाली घातली आणि रिकाम्या ताटलीवर स्वतःच चोचीने दोनदा ठोकलं. टक टक. आणि वर बघून पेजेची वाट पाहू लागला.

"सूत्र पाठ झालंय," बाई मला म्हणाल्या, "गणित सुटत नाही."

एक सबंध सकाळ त्यांनी सिरिंज लपवून ठेवली. पारवा उपाशी म्हणून स्वतःही काही खाल्लं नाही. हा न्याय त्यांनी कुठून काढला कोण जाणे. दुपारी पारव्याने ताटलीत दोनदा ठोकलं, काही मिळालं नाही, पुन्हा दोनदा ठोकलं, आणि तिसऱ्या वेळी चोच मुगावर पडली. दाणा गिळला. मग दुसरा. ती सवय मात्र त्याला कायमची लागली. आधी रिकाम्या जागी दोनदा चोच आपटायची, मगच दाणा उचलायचा. पंगतीत कोणी चित्राहुती घालून जेवायला बसावं तसं. मी म्हटलं, "बाई, हे तुमचं वळण." त्या म्हणाल्या, "हं," पण तो हं कौतुकाचा होता.

पारवा उडायला लागला आणि आमची सगळ्यांची चैन झाली. तो माझ्या ओट्यावर येऊन बसायचा, सावंतांच्या स्कूटरच्या आरशावर बसायचा, शिट्टी वाजवणाऱ्या वॉचमनच्या खांद्यावर बसायचा. माणूस दिसला की चालत जाऊन पायाशी उभा राहायचा. आम्हाला भारी गंमत वाटायची. बाईंना वाटत नव्हती. त्या गॅलरीतून बघत उभ्या राहायच्या.

आणि एका सकाळी पार्किंगमध्ये तेच झालं. गाडीखाली मांजर बसलं होतं, पारवा त्याच्यासमोर निवांत उभा. कोणाला भ्यायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. सावंतांनी हातातली पिशवी फेकली म्हणून वाचला. शेपटीची पिसं मांजराच्या तोंडात राहिली. सावंत त्याला ओंजळीत घेऊन वर आले. बाईंनी त्याला घेतलं आणि छातीशी धरलं.

पिसं पुन्हा फुटेपर्यंत तो घरात राहिला. मग राखेचा बुधवार आला, म्हणजे त्या चाळीस दिवसांच्या उपवासाचा पहिला दिवस. बाई देवळातून आल्या त्या कपाळावर राखेचा क्रूस घेऊन. मी नेहमीसारखं विचारलं, "यंदा काय? चहा नको हं, बाई. सोसायटीला सोसवत नाही."

"चहा नाही," त्या म्हणाल्या. "त्याला हात लावणं, आणि त्याच्याशी बोलणं."

त्याच दिवशी खोकं गच्चीवर गेलं. बाई सकाळी मूग पसरून खाली यायच्या, थांबायच्या नाहीत. गच्चीवरच्या टाकीपाशी इतर पारव्यांचा थवा उतरायचा, त्यात याने मिसळावं असा बेत. हा मिसळायचा नाही. जिन्यातून उडत खाली यायचा आणि थेट बाईंचा खांदा गाठायचा. मग बाईंनी ताट आणि उलथनं घेतलं. तो आला की ताट बडवायच्या. पहिल्या दिवशी ते ताट इतकं हळू वाजलं की पारव्याला तो खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी जोरात वाजलं. मी दार लोटून घेतलं. मला ते ऐकवेना.

एका दुपारी मी बाईंकडे वाल सोलत बसले होते. खिडकी बंद होती. पारवा बाहेर येऊन गजावर बसला. आधी त्याने मान वाकडी करून आत पाहिलं. मग काचेवर चोच मारली. टक टक. थांबला. बाईंचा हात वालांच्या टोपलीत तसाच राहिला. पुन्हा टक टक. त्यानेही तिसऱ्यांदा लगेच मारलं नाही, शिकवलं होतं तसं थांबला, वाट पाहिली, मग पुन्हा दोनदा.

"उघडू का?" मी उठत म्हणाले.

"बस खाली."

"बाई, अहो, तो बोलावतोय तुम्हाला."

"कळतंय मला." त्यांनी खिडकीकडे पाठ केली. "आज उघडलं तर उद्या कोणाच्याही खिडकीत जाईल. तिसरी चूक माझ्या हातून होणार नाही."

मला तेव्हा बाईंचा राग आला. इतका, की वाल अर्धवट टाकून मी घरी गेले. दारातून वळून पाहिलं तर त्या सोललेलेच वाल पुन्हा सोलत होत्या. तेव्हा कळलं की त्या खिडकीच्या काचेच्या कुठल्या बाजूला जास्त सोसणं चाललं होतं. एवढा निग्रह मला माझ्या पोटच्या मुलांच्या बाबतीतही कधी जमला नाही, हे आज मोकळेपणाने सांगते.

पुढे काही दिवस तो येत राहिला, मग एक दिवसाआड, मग आलाच नाही. गच्चीच्या टाकीवर थवा दिसायचा, पण सगळे सारखेच राखाडी. त्यांतला तो कोण, जिवंत तरी आहे का, हे मला ओळखू येईना. बाई विचारू देत नसत.

बाई त्यानंतर दीड-दोन वर्षांनी भावाच्या घरी परत गेल्या. गुडघ्यांना तिसरा मजला झेपेना, भावाच्या नातवंडांना गणित शिकवायचं होतं, असं काहीबाही कारण झालं. आता त्या नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की मला टेम्पोत सामान भरतानाच्या बाई दिसत नाहीत, मीटिंगमधल्या दिसत नाहीत. दिसतात त्या पारवा सोडला त्याच वर्षीच्या ईस्टरच्या सकाळच्या.

सोडलेली गोष्ट त्या सकाळी परत घ्यायची मुभा असते. मी नेहमीप्रमाणे चहा घेऊन गेले तर दाराला कुलूप. कप तसाच घेऊन गच्चीवर गेले. बाई देवळातून परस्पर वर आल्या होत्या, मोतिया रंगाचं सणाचं पातळ, पायांत नव्या चपला. टाकीवर थवा बसला होता. बाईंनी मुठीतले मूग तळहातावर मोकळे केले आणि हात लांब केला. लाल पेन कमरेला खोचलेलं होतं. मला वाटलं, आता ठोकतील आणि तो येईल. त्यांनी पेनाला हात लावला नाही. हात तसाच धरून एक पाऊल पुढे टाकलं.

सगळा थवा भर्रकन उडाला. एकही मागे राहिला नाही.

"तोही उडाला," बाई म्हणाल्या. निकाल वाचून दाखवताना म्हणतात तसं, पास. मग त्यांनी मूग जमिनीवर टाकले, मला दंडाला धरून जिन्यात आणलं आणि दार ओढून घेतलं. बारीक फट ठेवली. त्या फटीशी वाकून त्या बाहेर बघू लागल्या, आणि त्यांच्या खांद्यावरून मी.

पारवे एकेक करून उतरले. दाणे टिपायला लागले. सगळे सारखे, राखाडी, घाईघाईने खाणारे. आणि कडेला उतरलेल्या एकाने आधी कोऱ्या सिमेंटवर चोच आपटली. टक टक. मग दाणा उचलला.

मी बाईंचा हात घट्ट धरला. माझ्या हातातून त्यांनी आपला हात सोडवला आणि दाराच्या लाकडावर, आतल्या बाजूने, बोटाचं टोक दोनदा टेकवल्यासारखं केलं, बाहेर अजिबात ऐकू जाणार नाही इतकं हळू. मग पदर सारखा करून कप माझ्याकडून घेतला आणि पायऱ्यांवर बसून, थंड झालेला चहा बशीत ओतला.